खानदेशातील प्राचीन वास्तू आणि ऐतिहासिक स्थळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात वेरूळसारखे एकच भव्य ठिकाण नाही. येथील अवशेष तापी, गिरणा, पांझरा, बोरी, बुराई अशा नद्यांच्या काठी, गावाच्या पाठीमागे, कधी कापसाच्या शेतात आणि कधी गुरांच्या गोठ्याला लागून उभे आहेत, त्यामुळे ते पाहायला जाणाऱ्याच्या मनात प्रश्नही वेगळे येतात. ‘हे बांधले कोणी?’ हा त्यांतला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि गावात त्याचे जे उत्तर पटकन मिळते ते पुष्कळदा चुकीचे असते.

खानदेश म्हणजे नेमका कोणता प्रदेश धरायचा?

आज बोलण्यात खानदेश म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. इंग्रजी अमदानीत खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा त्याचा काही भाग तिकडे गेला, १९०६ साली उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन तुकडे झाले, आणि धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. वास्तूंचा विचार करताना मात्र ही सीमा थोडी सैल ठेवावी लागते. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असली तरी तिच्याशिवाय खानदेशचा इतिहास सांगताच येत नाही. बागलाणातील साल्हेर, मुल्हेर हे किल्ले नाशिक जिल्ह्यात आहेत, पण तिथल्या वाड्यावस्त्यांची बोली अहिराणीच्या जवळची आहे. १६७२ च्या लढाईमुळे प्रसिद्ध असलेला साल्हेर २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून दाखल झाला आहे.

अजिंठा लेणी खानदेशात येतात का?

नाही. ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत; जळगावहून जाणे सोयीचे पडते एवढेच. लेण्यांच्या कुशीतून निघणारी वाघूर नदी मात्र खानदेशात उतरून तापीला मिळते. पाटणादेवीच्या डोंगरापलीकडची पितळखोरा लेणीसुद्धा कन्नड तालुक्यात आहेत, चाळीसगाव तालुक्यात नव्हेत.

‘खानदेश’ हे नाव कशावरून आले?

गुजरातच्या सुलतानाकडून फारुकी राजांना ‘खान’ ही पदवी मिळाली आणि खानांचा देश तो खानदेश, ही उपपत्ती सर्वाधिक मान्य आहे. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश, अशी दुसरी उपपत्ती गोपालक अहिरांच्या परंपरेशी जोडली जाते. अकबराने १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असिरगड किल्ला घेतल्यावर शाहजादा दानियालच्या नावाने या सुभ्याचे ‘दानदेश’ असे नामकरण केले, परंतु लोकांच्या तोंडी ते कधी बसले नाही.

येथील सर्वांत जुने अवशेष कोणते?

दगडी वास्तूंच्या कितीतरी आधीचे अवशेष मातीत आहेत. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून, केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर यांच्या मंदिरांसाठी भाविकांना माहीत आहे. त्याच गावाच्या टेकाडात १९५५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, आणि तेथे ताम्रपाषाणयुगापासून पुढे एकावर एक रचलेले वस्तीचे थर सापडले. गिरणाकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी केलेल्या उत्खननातही असेच थर मिळाले, आणि नदीच्या पलीकडच्या टेकवाड्याला त्या काळातील दफने आढळली. धुळे जिल्ह्यातील कवठे आणि तापीकाठचे सावळदा ही नावेही अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. सावळद्याच्या नावाने तर तेथे सापडलेल्या रंगीत मडक्यांची एक स्वतंत्र संस्कृतीच ओळखली जाते.

या जागांवर गेल्यास डोळ्यांना दिसते ते केवळ एक उंचवट्याचे टेकाड. पावसाने धुपलेल्या त्याच्या कडेला खापराचे तुकडे, राखेची काळपट रेघ, एखादे हाड असे काही उघडे पडलेले असते, आणि ज्याला ते वाचता येते त्याच्या दृष्टीने ती कड मंदिराच्या भिंतीइतकीच बोलकी असते.

गावातली गढी आणि हे प्राचीन टेकाड एकच का?

पुष्कळदा दोन्ही एकाच जागी असतात, म्हणून गोंधळ होतो. गढी म्हणजे देशमुख, पाटील किंवा जहागीरदार यांचा मातीच्या जाड भिंतींचा, बुरूज असलेला वाडा. तो उंचावर हवा म्हणून आधीपासून वस्तीने उंचावलेल्या जागी बांधला जाई. आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात, त्यातील पांढरेपणा हा शेकडो वर्षांच्या राखेचा, शेणाचा, पडक्या भिंतींचा आणि चुन्याचा आहे. गढीच्या भिंती तीनचारशे वर्षांच्या असतील, पण तिच्या पोटातली पांढरी तीन हजार वर्षांचीही असू शकते.

गढीची माती लोक वर्षानुवर्षे नेत आले आहेत. त्यात बिघडते काय?

धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरावर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा ही खानदेशातली जुनी रीत आहे, आणि ती माती जवळच्या गढीवरून पाटीने आणली जाई. पाटीभर मातीने टेकाड संपत नव्हते. आता धाबी कमी झाली आणि पाटीच्या जागी जेसीबी व ट्रॅक्टरची ट्रॉली आली. शेताला चांगले खत म्हणून, नाहीतर रस्त्याच्या भरावासाठी, आठवड्याभरात अर्धी गढी उचलली जाते. मी लहानपणी ज्या गढीवर घसरगुंडी खेळलो तिच्या जागी आज समाजमंदिराचे सपाट पटांगण आहे. सपाटीकरण चालू असताना निघालेली खापरे मुलांनी भिंगऱ्या म्हणून नदीत फेकली. कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु मूर्ती हलवली तर ती दुसरीकडे ठेवता येते, थर मात्र एकदा कालवले की कोणती वस्तू कोणत्या काळची हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो.

खानदेशातील जुनी मंदिरे ‘हेमाडपंती’ म्हणतात. ती हेमाडपंताने बांधली का?

बहुतेक नाहीत. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चाळीसगाव तालुक्यातील पाटणचे महेश्वर मंदिर त्याच्या शंभर वर्षे आधी उभे राहिले. तेथील शके १०७५ च्या, म्हणजे इसवी सन ११५३ च्या शिलालेखाप्रमाणे निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने सुरू केलेले हे काम त्याच्या मागे त्याची राणी श्रीदेवी हिने पूर्ण केले, कारण तेव्हा मुलगा गोवन लहान होता आणि कारभार तिच्या हाती होता. हेमाडपंताला श्रेय देताना आपण एका राणीचे श्रेय नकळत काढून घेतो, हे मला अधिक खटकते. त्याच तालुक्यातील वाघळी येथील शिलालेख तर शके ९९१ चा, म्हणजे १०६९ सालचा आहे. त्यात यादव राजा सेउणचंद्र आणि त्याचा मांडलिक, मौर्य म्हणवणाऱ्या कुळातला गोविंदराज यांची नावे येतात.

मग हेमाडपंती या शब्दाला काहीच अर्थ नाही का? बांधणीची एक पद्धत सांगण्यापुरता तो वापरायला हरकत नाही. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर बसवायचे, एकाला खाच आणि दुसऱ्याला त्यात अडकणारी कूस ठेवायची, आणि वरच्या वजनानेच खालचा सांधा घट्ट होऊ द्यायचा, ही ती पद्धत. पाटणच्या मंदिराच्या बाह्य भिंतीशी उभे राहून खालून वर पाहिले तर भिंत सरळ नसून तारकेच्या टोकांसारखी पुढेमागे वळत गेलेली दिसते, आणि प्रत्येक वळणाला चिऱ्याची कड इतकी जुळलेली असते की सांध्यात नखही शिरत नाही. जेथे शिरते तेथे नंतर केव्हातरी सिमेंट भरलेले आढळते.

साक्री तालुक्यात बुराई नदीकाठी असलेल्या बळसाणे येथील मंदिरसमूहही याच पद्धतीचा असून तो केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. शिल्पकामाची आवड असणाऱ्याने तेथील खांब आणि द्वारशाखा, म्हणजे दाराच्या चौकटीच्या कोरीव पट्ट्या, यांच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. गावात दाखल होणारे बहुतेक लोक तेथील जैन तीर्थाकडे जातात आणि ही मंदिरे त्यांच्या वाटेवरच असूनही पाहायची राहतात.

पाटणच्या शिलालेखाचे एवढे महत्त्व का सांगतात?

पाटणमध्ये एकाहून अधिक लेख आहेत. प्रसिद्ध आहे तो देवीच्या मंदिरातला, शके ११२८ चा, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला. त्यातील संवत्सर आणि श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचा उल्लेख जुळवून त्याचे साल सामान्यतः इसवी सन १२०७ धरले जाते. ‘सिद्धांतशिरोमणि’कार भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आपल्या आजोबांच्या व घराण्यातील इतर विद्वानांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून पाटणला मठ स्थापन केला आणि त्या मठाला निकुंभ राजा सोइदेव याने दान दिले, हा त्याचा विषय आहे. चंगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी होता. त्याच्या घराण्याची त्रिविक्रमापासून चालत आलेली वंशावळ लेखात दिली आहे, आणि भास्कराचार्यांच्या वडिलांचे नाव महेश्वर व मुलाचे लक्ष्मीधर हे आपल्याला तीतही वाचायला मिळते.

गणिताच्या इतिहासात रस असणारे येथवर थांबतात. मराठी वाचकाने थांबू नये, कारण संस्कृत मजकूर संपल्यावर लेखातील दानाच्या अटी त्या काळच्या मराठीत कोरल्या आहेत. राजाची स्तुती, वंशावळ, पुण्यफल हे सारे संस्कृतात, आणि पैशाचा व्यवहार मात्र बाजारातल्या माणसाला कळावा म्हणून त्याच्या भाषेत. पाटणच्या बाजारात जे ‘केणे’, म्हणजे विक्रीचा माल, उघडले जाईल त्यावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला. जे काही मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून घाण्यामागे एकेक पळी तेल मठाला मिळावे, असा त्याचा आशय आहे. पळी हे माप आजही आपल्या स्वयंपाकघरात आहे. आठशे वर्षांपूर्वी सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी एक गणिताची शाळा कशावर चालत होती, याचे उत्तर तेलाच्या पळीवर असे आहे, आणि मला तरी ते कोणत्याही स्तुतिपर श्लोकापेक्षा मोलाचे वाटते.

हा चंगदेव आणि मुक्ताईनगरजवळचे चांगदेव एकच का?

एकच नव्हेत. पाटणचा चंगदेव ज्योतिषी, तेराव्या शतकाच्या आरंभीचा. तापी-पूर्णा संगमावरच्या चांगदेव गावाची ओळख ज्यांच्यामुळे आहे ते योगी चांगदेव ज्ञानेश्वरांचे समकालीन, ज्यांना उद्देशून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या आणि ज्यांनी मुक्ताबाईंना गुरू मानले. दोघांच्या नावांत साम्य, दोन्ही स्थळे एकाच जिल्ह्यात आणि दोन्ही ठिकाणी काळ्या पाषाणाचे मंदिर, यामुळे सहलीच्या माहितीपत्रकांतही ही गल्लत झालेली पाहिली आहे.

संगमावरचे चांगदेव मंदिर संरक्षित स्मारक असून त्याच्या शिखराचे काम अपुरे राहिलेले आहे. ते एका रात्रीत बांधले जात असता पहाट झाली आणि काम थांबले, अशा तऱ्हेची कथा येथेही सांगितली जाते. महाराष्ट्रात जेथे जेथे मंदिर अपुरे आहे तेथे तेथे ती सांगतात. खरे कारण राजवट बदलणे, पैसा संपणे किंवा नंतर शिखर कोसळणे यांपैकी कोणतेही असू शकते. भिंतींवरील कोरीव पट्ट्या मात्र अपुऱ्या नाहीत, त्या निवांत पाहाव्यात. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे संगमाचे पात्र आता वर्षातील बराच काळ तुडुंब दिसते. जवळच कोथळी आणि मेहूण ही मुक्ताबाईंची स्थाने आहेत, आणि कोथळीहून आषाढी वारीसाठी मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते.

अमुक वास्तू पांडवांनी बांधली असे गावकरी सांगतात. ते कितपत खरे मानावे?

बांधकामाचे साल म्हणून मानू नये, स्मृती म्हणून जरूर ऐकावे. एरंडोलला पांडववाडा आहे, पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारल्याची जागा दाखवतात, पाटणजवळच्या कण्हेरगडाच्या डोंगरातल्या लेण्याला ‘सीतेची न्हाणी’ म्हणतात. बांधणाऱ्याचे नाव विसरले गेले की लोक ते काम आपल्या ओळखीच्या सर्वांत थोर माणसाच्या नावावर लावतात. सुशिक्षितांनी हेमाडपंताला लावले, गावकऱ्यांनी भीमाला, एवढाच फरक. एखाद्या वास्तूच्या मालकीचा किंवा उपासनेचा वाद न्यायालयात असेल तर तेथे जाऊन वाद वाढवण्यापेक्षा खांब, कमानी आणि दुरुस्तीच्या खुणा पाहून परतणे शहाणपणाचे.

फारुकी राजांच्या खुणा कोठे पाहायला मिळतात?

सर्वांत आधी थाळनेरला. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा याला थाळनेरची जहागीर दिली आणि पुढे त्याने स्वतंत्र राज्य उभारले. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर या घराण्याच्या घुमटदार कबरी आहेत. त्यांपैकी अष्टकोनी कबरीचे कोरीव काम लक्ष देऊन पाहावे, कारण ज्या हातांनी आधी मंदिरांच्या द्वारशाखा घडवल्या त्याच कारागिरांच्या परंपरेचे वळण तेथे ओळखू येते. कबरींच्या आसपास वस्ती आहे, वाळवणे पडलेली असतात, आणि आपण कॅमेरा काढला की ‘कोठे चालनात भाऊ?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर द्यावे. वाट दाखवायला एखादे पोर बरोबर येते.

मलिक राजाचा मुलगा नासिरखान याने आसा अहिराचा असिरगड कपटाने घेतला. डोल्यांतून स्त्रियांऐवजी शस्त्रधारी शिपाई आत शिरल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुढे त्यानेच तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. दोनशे वर्षांच्या या राज्याचा शेवट १६०१ च्या जानेवारीत असिरगड पडल्यावर झाला.

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत संस्कृत लेख आहे हे खरे का?

खरे आहे. आदिलशाह फारुकी, म्हणजे राजा अलीखान, याने बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर देवनागरी लिपीतला संस्कृत लेखही आहे. त्याची सुरुवात सृष्टिकर्त्याला नमन करून होते, पुढे फारुकी राजांची वंशावळ येते, आणि संवत १६४६, शके १५११ ही साले देऊन तिथी, नक्षत्र यांसह मुहूर्त पंचांगाच्या रीतीने नोंदवला आहे. इसवी सनाच्या हिशेबाने हा काळ जानेवारी १५९० चा येतो. ज्या प्रदेशात चंगदेवाच्या लेखात दोन भाषा शेजारी नांदल्या तेथे पावणेचारशे वर्षांनी पुन्हा तसेच व्हावे, यात मला नवल कमी आणि सातत्य अधिक दिसते.

बुऱ्हाणपूरला गेल्यावर मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळातील, १६१५ च्या सुमाराची ‘कुंडी भंडारा’ ही पाणीयोजना चुकवू नये. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून उताराने शहरात आणायचे आणि ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्यांनी बोगद्याला हवा व वाट द्यायची, अशी ती रचना आहे. मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात वारली आणि तिचे शव आग्र्याला नेण्यापूर्वी काही महिने तापीपलीकडच्या जैनाबादेत होते.

फरकांड्याचे झुलते मनोरे अजून झुलतात का?

एरंडोल तालुक्यात उतावळी नदीकाठी असलेल्या या जोडमनोऱ्यांपैकी एक हलवला की दुसरा आपोआप झुले, असा अनुभव आमच्या आधीच्या पिढीने घेतला आहे. अहमदाबादेतही असे मनोरे आहेत. उंच, सडपातळ बांधकामाला दिलेला हेलकावा जोडणाऱ्या भागातून पलीकडे पोहोचतो आणि दोन्ही मनोरे सारख्या घडणीचे असल्याने दुसरा त्याच तालावर डोलू लागतो. जोडीतला एक मनोरा कोसळल्यामुळे तो प्रयोग आता संपला. उरलेल्या बांधकामावर चढणे किंवा ते हलवून पाहणे धोक्याचे आहे.

किल्ल्यांपैकी कोणते आधी पाहावेत?

धुळ्याहून निघणार असाल तर मुंबई-आग्रा महामार्गावर दक्षिणेला लळिंग आणि उत्तरेला सोनगीर असे दोन किल्ले रस्त्यालाच आहेत, आणि या मार्गावर नजर ठेवणे हेच त्यांचे प्रयोजन होते हे वर चढल्यावर सांगावे लागत नाही. सोनगीर गावाची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत वेगळा, साक्री तालुक्यातील निजामपूरजवळचा भामेर. त्याच्या डोंगरात खोदलेली दालने आणि पाण्याची टाकी आहेत, पायथ्याच्या गावात शिरतानाच जुन्या वेशीचे अवशेष लागतात, आणि माथ्यावरून आता चहूकडे पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात.

पारोळ्याचा किल्ला भुईकोट असून १७२७ साली हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधल्याची नोंद आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याची जहागीर पारोळ्याला होती आणि राणी लक्ष्मीबाईंचे दत्तकपुत्र दामोदरराव याच घराण्यातले. खंदक, बुरूज आणि आतले पाण्याचे साठे यांवरून मूळ वैभवाची कल्पना येते; बाजारपेठ किल्ल्याला इतकी चिकटली आहे की दुकानांच्या ओळीमागे तट आहे हे नवख्याला कळत नाही.

थाळनेरच्या किल्ल्यावर १८१८ साली काय घडले?

जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला. तो ताब्यात घेण्यासाठी सर थॉमस हिस्लॉप थाळनेरला आला तेव्हा किल्लेदार तुळशीराम याने किल्ला सोडण्यास नकार दिला. २७ फेब्रुवारीला दरवाजात बोलणी चालू असतानाच चकमक उडाली, काही इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर आतल्या सुमारे तीनशे अरब शिपायांची कत्तल करून किल्लेदाराला फाशी देण्यात आले. होळकरांचाच तह असताना किल्लेदाराला बंडखोर ठरवून फासावर चढवणे योग्य होते का, यावर इंग्लंडच्या पार्लमेंटातही टीका झाली. किल्ल्याचा बराच भाग तापीने गिळला आहे.

धुळे शहरात पाहण्यासारखे काही आहे का?

शहराची आखणी हीच पाहण्यासारखी गोष्ट आहे. खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जुन्या धुळ्याशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, आणि आजही धुळेकर पत्ता सांगतात तो ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर सहा’ असाच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाल्यावर त्यांचा कागदपत्रांचा संग्रह सांभाळण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. तेथे हस्तलिखितांबरोबर खानदेशातून गोळा केलेली शिल्पेही आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जतन केली आहेत.

अलीकडच्या काळातील स्मारकांना ऐतिहासिक म्हणावे का?

म्हणावे. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले, तो चौक त्याच अर्थाने ऐतिहासिक आहे. फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, आणि त्याची बांबू-तट्ट्यांची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. ती सजावट टिकण्यासाठी नव्हतीच.

संरक्षित स्मारकाशेजारी माझी जागा आहे. घर बांधता येईल का?

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ चा केंद्रीय कायदा लागू आहे. त्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येते. १०० मीटरच्या आतील जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने होऊ शकते. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित हद्दीपासून मोजले जाते, आणि बहुतेक तंटे याच एका गोष्टीवरून होतात. राज्याच्या संरक्षणाखालील स्मारकांसाठी १९६० चा वेगळा महाराष्ट्र कायदा आहे, म्हणून आधी स्मारक केंद्राकडे आहे की राज्याकडे याची तेथील निळ्या फलकावरून खात्री करावी.

नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, मूर्ती सापडली तर काय करावे?

जागेवर काम थांबवावे, वस्तू घासू किंवा धुऊ नये आणि तहसील कार्यालयाला कळवावे. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वस्तू सरकारजमा झाली की शेतही जाईल, ही भीती खेड्यांत सर्रास असते. एखादे मडके सापडले म्हणून कोणाचे शेत जात नाही. नाणी सोनाराकडे गेली की वितळतात, आणि मूर्ती पारावर नेऊन ठेवली की तिच्यावर पहिल्याच आठवड्यात ऑईलपेंटचा हात फिरतो. एका गावात अशी विष्णुमूर्ती मी चांदीच्या रंगात पाहिली. तिच्या हातातले शंख कोणते आणि चक्र कोणते हे रंगाच्या थरामुळे ओळखता येईना.

भेट देण्यास योग्य काळ कोणता, आणि शिलालेख वाचण्यासाठी काही युक्ती आहे का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि काळा पाषाण तापून त्याला हात लावता येत नाही. पाटण परिसर गौताळा अभयारण्याला लागून असल्याने पावसाळ्याच्या शेवटीही सुंदर असतो, पण शेवाळाने पायऱ्या निसरड्या होतात.

शिलालेखाची अक्षरे दिसावीत म्हणून त्यांत खडू, चुना किंवा हळद भरण्याची सवय फार जुनी आहे आणि ती अक्षरांची धार खाते. त्याऐवजी ऊन तिरपे असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, जावे. मंदिराच्या आतला लेख असेल तर मोबाईलची बॅटरी समोरून न धरता दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरावी, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि मघापर्यंत कोरा वाटणारा दगड ओळीओळीने उमटू लागतो.